मांडीखाली दाबलेले हात

ताई, तुझे पापड मी मोडत होते. रोज मोडत होते, जवळजवळ आठ महिने. तू लाटून ठेवायचीस, मी ओले असतानाच उचलायचे, मागच्या पडवीत जाऊन त्यांचा गोळा करायचे आणि दुसऱ्या दिवशीच्या पिठात मिसळून टाकायचे. वर तुला सांगायचे, गेले गो तुझे पापड, रोह्याच्या दुकानात गेले. तुला ते शेवटी कळलं, तरी मी माझ्या तोंडाने कधी चुकले म्हटलं नाही. आता तुझं तेरावं होऊन पाच दिवस झाले. आलेली माणसं आपापल्या घरी गेली. पेणमध्ये रामवाडीच्या या घरात मी आणि पिठाचे डबे उरलो, आणि आता मला बोलायला सुचतंय. तू असतीस तर म्हणाली असतीस, सुमे, उशीर करायची तुझी खोड काय जायची नाय.

तुझ्या कामाचं नाव मला कधी धड घेता आलं नाही. ऑक्युपेशनल थेरपिस्ट. बाबा लोकांना सांगायचे, थोरली डॉक्टर झाली, मग समोरचा माणूस लगेच आपला खोकला सांगायला लागायचा. तू चिडायचीस. म्हणायचीस, बाबा, मी औषध देत नाय, मी माणसाला त्याचं त्याचं करायला शिकवते. बाबा म्हणायचे, ते तर आई शिकवते, त्याला मुंबईला जाऊन शिकायला कशाला हवं? रोह्याच्या लोकांनी ते सोपं करून टाकलं. तिथे तू हाताच्या बाई झालीस. कुंदा हे तुझं नाव तिथे किती जणांना माहीत होतं कोण जाणे.

आपलं भांडण तुझ्या शिक्षणाच्याही आधीचं. मी नऊ वर्षांची होते, तू चौदाची. तळ्याच्या पायऱ्यांवर घसरून मी उजवं मनगट मोडून घेतलं होतं. कोपरापर्यंत प्लास्टर. आई मला भरवायची, वेणी घालायची, मला तर मजाच वाटत होती. एक दिवस आई बाजारात गेली, तू माझ्यासमोर ताट ठेवलंस आणि म्हणालीस, डाव्या हाताने जेव. मी रडले. तू बसून राहिलीस. मी ताट ढकललं, तू परत पुढे केलंस. शेवटी भूक लागली म्हणून जेवले, डाव्या हाताने, भात नाकाला लावून घेत. आई आल्यावर मी तुझी अशी चुगली केली की तुला दोन धपाटे बसले. त्या रात्री तू मला म्हणालीस, जेवलीस ना पण? मी पाठ फिरवून झोपले. मला वाटतं आपण पुढची पन्नास वर्षं तेच भांडत होतो.

पेणहून रोहा काय लांब आहे? एसटीने तास-दीड तास. तुझी खोली कुंडलिका नदीच्या पलीकडे, अष्टमी गावात, पूल ओलांडला की चालत पाच मिनिटं. तीस वर्षांत मी त्या खोलीत दोनदा आले. दोनदाच. मोजून सांगते आहे, कारण गेल्या पाच दिवसांत मी तेच मोजत होते. लग्नं, बारशी, घरभरणी, सगळीकडे गेले, सख्ख्या बहिणीचं काम बघायला जायला मला सवड नव्हती.

पहिल्यांदा आले तेव्हाचं चित्र मात्र डोळ्यांसमोरून जात नाही. एक म्हातारी बसली होती, अर्धांगाच्या झटक्यातून उठलेली, अंगावर ब्लाउज, आणि ती हूक लावायच्या खटपटीत. एक हूक. हात थरथरत होता, हूक निसटत होता, म्हातारीच्या कपाळावर घाम. आणि तू समोर स्टुलावर बसून नुसती बघत होतीस. मला राहवेना. मी पुढे झाले तशी तू मला डोळ्यांनीच मागे ढकललंस. तेव्हा माझं लक्ष गेलं, तू दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होतीस. शाळेत पोरं बसतात तशी. पंधरा मिनिटं गेली असतील. हूक लागला. म्हातारी एवढी हसली की तिची कवळी पडता पडता राहिली. बाहेर आल्यावर मी तुला म्हटलं, किती निर्दय गो तू, तुझा हात काय झिजला असता? तू म्हणालीस, सुमे, हात पुढे जातोच. म्हणून तर त्याच्यावर बसावं लागतं.

मी ते हसण्यावारी नेलं. घरी येऊन सगळ्यांना सांगितलं, आमची ताई हातावर बसायचा पगार घेते.

तुझ्याकडे कोण यायचं नाही? कंपनीत मशीनखाली बोटं गेलेले कामगार यायचे. जन्मापासून हात आखडलेली चिमुरडी यायची, तुझ्या खोलीखाली राहणारी झीनत त्यांतलीच. आणि म्हातारी माणसं, ज्यांना घरच्यांनी खाटेवर बसवून ठेवलेलं. खांब गावच्या दत्तारामची गोष्ट तू मला इतक्यांदा सांगितलीस की मला पाठ झाली होती. उजव्या हाताची दोन बोटं गेली, कंपनीने घरी बसवलं, आणि हा माणूस म्हणतो मला दुसरं काय नको, भात कापता आला पाहिजे. तू विळ्याच्या मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून जाड केलीस आणि त्याच्या शेतात बांधावर जाऊन बसलीस. तो कापतोय आणि तू बसलीस, ऊन डोक्यावर घेत. चमच्याला ट्यूब, कंगव्याला ट्यूब, पेन्सिलीला ट्यूब. सायकलवाला तुला बघितलं की न विचारता जुन्या ट्यूब काढून ठेवायचा. मी म्हणायचे, एवढं शिकून शेवटी पंक्चरवाली झालीस. तू हसायचीस. तुझं ते हसणं मला फार आवडायचं, हे पण कधी सांगितलं नाही.

माझे हे गेले तेव्हा घर भरून बायका आल्या. सगळ्या रडल्या, माझ्या गळ्यात पडल्या, मला उठू म्हणून दिलं नाही. पाणीसुद्धा हातात आणून द्यायच्या. महिना झाला तरी मी कोपऱ्यात बसलेली. मग तू रोह्याहून आलीस, पिशवी ठेवलीस, पाय पसरून बसलीस आणि म्हणालीस, सुमे, चहा कर. मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. तू परत म्हणालीस, चहा कर गो, लांबून आलेय. जाऊ माझ्याकडे बघायला लागली. मी उठले. रागाने उठले. साखर कुठे ठेवली तेसुद्धा आठवेना. चहा केला, तो तू प्यायलीस आणि कसा झाला ते सांगितलंसुद्धा नाहीस. दुसऱ्या दिवशी म्हणालीस, पापड कर. तिसऱ्या दिवशी म्हणालीस, माझ्या खोलीवर नेते, अजून कर. असं करत करत माझा पापडांचा धंदा उभा राहिला. आज माझ्याकडे आठ बायका लाटतात, पेणमध्ये माझ्या पापडाला नाव आहे, आणि त्याची सुरुवात तुझ्या त्या चहापासून आहे. मी सुद्धा तुझी पेशंट होते, ताई. तेव्हा कळलं नव्हतं.

म्हणून तर पुढचं जास्त लागतं.

धंदा चांगला चालायला लागला तेव्हा तू एकदा म्हणालीस, तुझ्याकडे माझ्या दोन-तीन बायका बसव, लाटणं हातासाठी फार चांगलं, आणि चार माणसांत बसतील. मी सरळ नाही म्हटलं. म्हटलं, ताई, वाकडा पापड गिऱ्हाईक घेत नाय, तुझी दयामाया तुझ्या खोलीत ठेव. तू म्हणालीस, दया कोण मागतंय, काम मागतेय. आपण जेवता जेवता उठलो त्या दिवशी. नंतर तू तो विषय काढला नाहीस आणि मला वाटलं मी जिंकले.

तुला झटका आला तो रोह्यात. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. दवाखान्यातून सोडलं तेव्हा तू एकेक शब्द जुळवत म्हणालीस, मला माझ्या खोलीवर जाऊ दे. खाली झीनतची आई आहे, शेजारी आहेत, त्यांना माहिताय कसं करायचं. मी ऐकलं नाही. सख्खी बहीण असताना तू परक्यांच्या आधाराने राहणार, लोक माझ्या तोंडात शेण घालतील, असं म्हटलं मी, तेही त्या झीनतच्या आईसमोर. कपडे न्यायला तुझ्या खोलीत आले, ती माझी दुसरी खेप. तुझे कपडे घडी करून पिशवीत भरून दिले तिने.

आणि मग मी तुझी सेवा केली. सगळं पेण म्हणतं, सुमनने बहिणीचं केलं हो, असं कोण करत नाय. तेराव्यालासुद्धा म्हणाले. मी तुला न्हाऊ घातलं, भरवलं, केस विंचरले, साडी नेसवली. तू कंगवा मागायचीस, मी म्हणायचे, अगो मी आहे ना. तू डाव्या हाताने उजवा हात उचलून कंगव्यापर्यंत न्यायचीस, तेवढ्यात मी तुझी वेणी घालून मोकळी व्हायचे. तुला वीस मिनिटं लागली असती आणि सकाळी आठला माझ्या बायका यायच्या. खरं कारण एवढंच. माया होती, नाही असं नाही, पण घाई जास्त होती. घाईला माया म्हणायची सोय फार चांगली असते.

तू म्हणालीस, सुमे, मला देव्हाऱ्यात बसवलंस तू. मी म्हटलं, मग बस की, दोन्ही वेळ नैवेद्य मिळतोय.

पोळपाट तू मागितलास तो पावसाळा संपल्यावर. बाहेर पापड वाळायला लागले होते. तू खुर्चीवरून बायकांकडे बघत बसायचीस, एक दिवस म्हणालीस, मला पण दे. मी दिला, लहान मुलाला चाळा द्यावा तसा दिला. लाटण्याला ट्यूब गुंडाळून दे म्हणालीस, तर मी म्हटलं रबराचा वास लागेल पापडाला. चार दिवसांनी यमुनाने आणली ट्यूब, खाडीकडच्या तिच्या गावातून, घासून धुऊन. माझ्याकडे लाटणाऱ्यांत तीच तेवढी तुझ्याशी नीट बोलायची. तुझे पहिले पापड काय होते ते तुला पण माहिताय. एका बाजूला भाकरी, दुसऱ्या बाजूला भोक. उजवा अंगठा कडेवर टेकवून तू पापड धरायचीस, म्हणून प्रत्येकाच्या कडेला अंगठ्याएवढा खळगा. सकाळभर बसून अकरा पापड व्हायचे. तेवढ्यात यमुनाचे अडीचशे.

मी ते पाकिटात घालूच शकत नव्हते. फेकायला मन होईना. म्हणून मोडायला लागले. यमुना एकदा पडवीत आली, तिने बघितलं. म्हणाली, "सुमनताय, तिला समजंल गो. ती हाताचीच डाक्टर हाय." मी म्हटलं, तू तुझ्या लाट्या बघ.

संध्याकाळी तू विचारायचीस, गेले? मी म्हणायचे, गेले गो, संपले सुद्धा. तू मान हलवायचीस आणि दुसऱ्या दिवशी परत आठला खुर्चीत तयार. किती दिवस, किती महिने. मी मोडत राहिले. सवयीने. उचलायचे, पडवीत न्यायचे, मुठीत दाबायचे. भात लावायला आभाळ भरून यायला लागलं तरी तेच.

मग तो दिवस. जेवायला बसलो होतो. तू म्हणालीस, आज माझा पापड भाज. माझा. मी आत गेले, डब्यातला यमुनाच्या हातचा एक काढला, भाजला, तुझ्या ताटात ठेवला. तू तो डाव्या हाताने उचललास आणि कडेवरून बोट फिरवलंस. एक फेरा पूर्ण.

"खळगा नाय," तू म्हणालीस.

"भाजल्यावर जातो."

"नाय जात."

तू मला विचारलं नाहीस, यमुनाला विचारलंस, माझे आजचे कुठेत? यमुनाने माझ्याकडे बघितलं, मग उठली आणि पडवीतून ताट घेऊन आली. त्या दिवशीचे अजून मोडायचे राहिले होते. अकरा नव्हते, वीस होते. ताई, ते गोल होते. पातळ होते, आरपार उजेड दिसेल असे. कडेला तेवढा अंगठ्याचा खळगा, बाकी माझ्या बायकांच्या हातचेच वाटावेत. कधीपासून असे यायला लागले होते, मला माहीत नाही. मी महिनोन्‌महिने ते हातात घेत होते आणि मुठीत दाबत होते.

तू माझ्याकडे बघून एवढंच म्हणालीस, "तू बघितलेस पण नाय."

त्यावर मी रडायला हवं होतं, पाय धरायला हवे होते. मी चिडले. म्हटलं, मला काय तेवढंच काम आहे? दिवसभर तुझं करते, रात्री कंबर मोडते माझी, आणि तुला पापडाचं पडलंय. तू ताट बाजूला सारलंस. त्यानंतर तू पोळपाट मागितला नाहीस. मी दोन-चारदा म्हटलं, ताई लाट गो, आता पाकिटात घालते, देवाशप्पथ घालते. तू मानेनेच नाही म्हणालीस. आणि आता लपवून काय करू, मला सुटल्यासारखं वाटलं. तू शहाण्यासारखी बसून राहायला लागलीस, भरवलं की तोंड उघडायचीस, विंचरताना मान सरळ धरायचीस. काम भराभर व्हायला लागलं. मला वाटलं आपलं भांडण मिटलं.

तीन महिने तसे गेले. तुझा हात पदराखाली काहीतरी करत असायचा, मी लक्ष दिलं नाही. यमुनाने परवा सांगितलं, रोज सकाळी ती तुझ्या मुठीत पिठाची एक लाटी ठेवायची, तू दिवसभर दाबायचीस, संध्याकाळी ती घेऊन जायची. माझ्या घरात, माझ्याच पिठाची लाटी, आणि मला पत्ता नाही.

आता त्या दुपारचं सांगते. तू गेलीस त्याच्या चार दिवस आधीची दुपार. वरणभात होता, वर लिंबू. मी कालवला आणि पहिला घास करणार इतक्यात तू ताट आपल्याकडे ओढलंस. उजवा हात ताटात घातलास. बोटं हळूहळू मिटलीस, घास झाला. चांगला घास झाला. मग तो हात उचललास. हात हलत होता, शितं सतरंजीवर पडत होती, तो हात वर आला आणि भलतीकडेच चालला, असं मला वाटलं. मी म्हटलं, अगो सांडतंय, आणि तुझं मनगट धरलं. धरून वळवलं आणि तो घास तुझ्या तोंडात घातला. पदराने तुझं तोंड पुसलं. तू माझ्याकडे बघत चावत राहिलीस. बराच वेळ चावलास तो घास. मग म्हणालीस, "बरं." आणि पुढचं जेवण मी भरवलं तसं जेवलीस.

चौथ्या दिवशी सकाळी, चहा घेऊन आले तर तू गेली होतीस. डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका.

तेराव्याला रोह्याहून एक टेम्पो भरून माणसं आली. मला वाटलं होतं दहा-बारा येतील. ताटं कमी पडली, शेजारून आणली. खांबचा दत्ताराम आल्या आल्या बाह्या सरसावून वाढायला उभा राहिला. वरणाची बादली, जड, आणि त्याच्या हाताला तीन बोटं. मी धावले, द्या द्या मी घेते म्हणून. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. बायनी शिकवलंय. तुम्ही बसा." मी बसले. एक थेंब सांडला नाही त्याने.

माझ्यासमोरच्या ओळीत झीनत बसली होती, शेजारी तिची आई. झीनत आता मोठी झाली, अष्टमीत कपड्याच्या दुकानात काउंटरवर बसते. तिने पहिला घास केला आणि स्वतः न खाता आईच्या तोंडात घातला. हात थोडा हलतो तिचा अजून. आईने आधीपासूनच तोंड उघडून ठेवलेलं. मला नवल वाटलं. म्हटलं, आईला भरवतेस गो?

ती म्हणाली, "आज बाईंचं जेवण ना, म्हणून. बाईंचा शेवटचा धडा होता हा. अब्बा कुवेतला, सात वर्षं अम्मीनंच मला भरवलं. मग मला माझं जेवता यायला लागलं. मला वाटलं झालं. बाई म्हणाल्या, अर्धंच झालं, आता अम्मीला भरव. निम्मा भात अम्मीच्या ओढणीवर. बाई मांडीखाली हात घेऊन बसलेल्या, अम्मीला म्हणाल्या, हात लावायचा नाय, तोंड उघडून बसायचं. घास गेला तेव्हा म्हणाल्या, आता तुम्हा दोघींची सुट्टी."

दत्ताराम बादली घेऊन तिथेच उभा होता. म्हणाला, "सगल्यांना तसंच. ज्यानं तुमचं केलं त्याला भरवायचा. मला बायकोला भरवायला लावला, सगल्यांच्या देखत. शरमेनं मेलो." लोक हसले. मी उठून आत गेले.

ताई, तो हात भलतीकडे नव्हता चालला. तो माझ्याकडे येत होता.

तू तीन महिने पदराखाली लाटी दाबलीस ती त्यासाठी. माझ्यावर रुसून नव्हतीस, तयारी करत होतीस. तीस वर्षं लोकांना शिकवलंस आणि शेवटी स्वतः परीक्षेला बसलीस, आणि समोर मी. तुला मला सांगता आलं असतं, सुमे, तोंड उघड. दोन शब्द, तेवढं बोलणं येत होतं तुला. का सांगितलं नाहीस? तू कोणालाच सांगत नव्हतीस, नाही का. बघत बसायचीस, समोरच्याचं त्याला कळेपर्यंत. झीनतच्या आईला तरी सांगितलंस, तोंड उघडून बस म्हणून. मला वाटतं तुला वाटलं असेल, सख्खी बहीण आहे, हिला कळेल. ही चूक मात्र तुझी, ताई. एवढी एक तुझ्या पदरात घालते, बाकी सगळ्या माझ्या.

त्या "बरं"चा अर्थ मी रोज लावते. कधी वाटतं तू कंटाळून म्हणालीस. कधी वाटतं तू मला माफ केलंस. यमुना म्हणते, "ताय, ती म्हनली आसंल, ऱ्हाऊ दे, उद्या पुन्ना करू." मला तेच खरं वाटतं आणि तेच जास्त लागतं, कारण तीन दिवस होते मध्ये. तीन दिवस तू तुझा हात परत उचलला असशील आणि मी तुझ्या आधी घास केला असेन. मी आठवायला बसते आणि मला आठवत नाही. मी बघितलंच नव्हतं.

ट्यूब गुंडाळलेलं लाटणं यमुनाने खुंटीला लावून ठेवलंय. मी ते काढायला सांगितलं नाही.

काल दुपारी बायका गेल्यावर मी वरणभात वाढून घेतला, लिंबू पिळलं, आणि तुझ्या खुर्चीसमोर बसले. दोन्ही हात मांडीखाली दाबले. किती कठीण असतं गो ते, हात सारखा सुटून पुढे येतो. तू ते तीस वर्षं केलंस. मला एकदा करायचं होतं, एका घासापुरतं. हात दाबून बसायचं आणि तोंड उघडायचं, एवढंच माझं काम होतं त्या दिवशी. भात गार झाला तरी मी तशीच बसून होते.